सज्ज्याची वाट स्वयंपाकघरातून

आमच्या मोंतेफोस्को गावच्या नगरपालिकेला सज्जा आहे, पण त्यावर मेयर नुसते उभे राहिले तरी तो खाली येईल. त्यामुळे चौकात भाषणासाठी एकच सज्जा उरतो, आमचा. एरवी माझी बायको एर्सिलिया तिथे चादरी वाळत घालते.

१९१५ सालचा मे महिना होता. सगळा युरोप एकमेकांच्या उरावर बसला होता आणि आमचा इटली अजून काठावर उभा राहून बघत होता. गावात दोन पक्ष होते, युद्धवाले आणि तटस्थवाले. युद्धवाले एका न्हाव्याकडे दाढी करायचे, तटस्थवाले दुसऱ्याकडे. मी तेव्हा गावचं विनोदी साप्ताहिक काढायचो आणि दोन्ही पक्ष माझे वाचक होते. मी दाढी वाढवली.

आमचा एकुलता एक मुलगा लिओनिदा अठरा वर्षांचा. लष्कराचं सक्तीचं बोलावणं त्याच्या वयापर्यंत पोचायला अजून अवकाश होता, पण स्वखुशीने जाणाऱ्याला कोण अडवणार? पलीकडच्या गावात जेनोवाचे वकील स्पिनेत्ती युद्धाच्या बाजूने बोलले, तेव्हा भाषण संपायच्या आत पोरांनी सज्ज्याखालच्या टेबलावर सह्या ठोकल्या होत्या. त्यातल्या एकाला तर शिंकलं तरी आई घरात कोंडून ठेवायची.

तेच वकील रविवारी आमच्याकडे येणार असं ठरलं आणि लिओनिदाने जेवताना जाहीर केलं, "बाबा, वकीलसाहेब आपल्या सज्ज्यावरून बोलले, की पहिली सही माझी."

"आणि नाही बोलले तर?"

"तर मी पळपुट्या घरातला ठरेन."

तो झोपायला गेल्यावर मी एर्सिलियाला म्हटलं, "आपण दारच उघडायचं नाही."

"म्हणजे तो चौकात पिंपावर उभा राहून दुप्पट बोलेल," ती म्हणाली. "येऊ दे त्याला. सज्ज्याची वाट माझ्या स्वयंपाकघरातून जाते."

तिचा बेत सरळ होता. तिच्या हातचं रविवारचं जेवण जेवून उठलेला माणूस आजवर कोणी ताठ बसलेला पाहिलेला नाही. मी स्वतः तिला लग्नाचं विचारायला गेलो होतो तो जेवलो आणि झोपलो. विचारलं तिनेच.

रविवारी चर्चमधली मास सुटली, चौक भरला. सज्ज्याखाली टेबल मांडलं गेलं. त्यामागे पिंपं बनवणारा गाऊदेन्झिओ बसला. खालच्या आळीतला हा गडी म्हणजे गावच्या युद्धवाल्यांचा म्होरक्या. शेजारी दौत घेऊन त्याची मुलगी फिलोमेना. पहिल्या नंबरवर लिओनिदा, हातात टाक, केसांना तेल.

वकीलसाहेब पहाटेपासून घोडागाडीत हाडं खिळखिळी करून आले होते. जिना चढून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकले.

"बाई, हा वास कसला हो?"

"काही नाही हो, घरचंच साधं. बसा ना दोन घास."

"लोक खोळंबलेत."

"रिकाम्या पोटी देशाचं काम करतात का कुणी? बसा."

बसले. पालेभाजीचं सारण भरलेली रॅव्हिओली झाली. मग ऑलिव्ह घालून शिजवलेला ससा आला. तो दोनदा झाला. आमच्या डोंगरातली वाइन किती झाली ते मी बघितलं नाही, कारण मीही पीत होतो. वकीलसाहेबांच्या पापण्या जड झाल्या. एर्सिलियाने माझ्याकडे पाहून भुवई उडवली. बेत फळत होता.

आणि वकीलसाहेब उठले, रुमालाने मिशा पुसल्या आणि सज्ज्यावर जाऊन असा काही आवाज लावला की आमच्या चादरीसुद्धा फडफडल्या. भरल्या पोटाने काही माणसं झोपतात, काही पेटतात. हे पेटणाऱ्यांतले निघाले. खाली लिओनिदाने टाक दौतीत बुडवला.

"मोंतेफोस्कोकरांनो!" वकीलसाहेब गरजले. "मला विचारतात, कशासाठी लढायचं? मी सांगतो! आत्ता या घरातल्या मातेने मला ससा वाढला. आपल्या टेकडीवरचे ऑलिव्ह, आपल्या रानातल्या पाइनचे चिलगोजे..."

"काय घातलं?" खालून गाऊदेन्झिओचा आवाज आला.

वकील जेनोवाचे. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? आमच्याकडे सशात चिलगोजे घालते ती वरची आळी. खालची आळी ते पाप समजते. या एका प्रश्नावर आमच्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत.

"चिलगोजे," वकीलसाहेब म्हणाले. "अहो, काय बहार आली होती!"

"ससा होता का मिठाई?" गाऊदेन्झिओ उभाच राहिला.

"ए पिंपवाल्या, तोंड सांभाळ!" हे वरच्या आळीचे पाद्रीबाबा. तटस्थवाल्यांचे पुढारी. पण त्यांच्यामागून युद्धवाला मास्तर ओरडला, "बरोबर बोलले पाद्रीबाबा! चिलगोज्यांशिवाय ससा म्हणजे उकडलेलं मांजर!" गेल्या हिवाळ्यापासून या दोघांत बोलणं नव्हतं.

तेवढ्यात एर्सिलिया हातात डाव घेऊन सज्ज्यावर आली. तिने वकिलांना कोपराने हळूच बाजूला सारलं. "गाऊदेन्झिओभाऊ, तुमच्या बायकोचा ससा मी खाल्लाय. तुमच्याच पिंपाची फळी आहे असं वाटून मी तो परत करणार होते."

चौक खदखदला. पहिला दगड, म्हणजे पहिलं ऑलिव्ह, कोणी मारलं ते कळलं नाही. घटकाभरात वरची आळी एका बाजूला, खालची आळी दुसऱ्या बाजूला. युद्धवाले तटस्थवाल्यांच्या गळ्यात गळे घालून युद्धवाल्यांना शिव्या देत होते. वकीलसाहेब ओरडत होते, "बंधूंनो, ऑस्ट्रियाच्या ताब्यातलं आपलं त्रिएस्ते! त्रिएस्ते!" त्यावर एक म्हातारी म्हणाली, "तिकडे काय घालतात?"

आणि आमचा वीर? टाक टेबलावर आपटून तो फिलोमेनाला विचारत होता, "माझ्या आईच्या हातचं तू खाल्लंयस का कधी?"

"तू माझ्या आईच्या हातचं खाल्लंयस?" ती म्हणाली.

"नाही."

"मग कशाच्या जोरावर भांडतोस? चल, आमच्याकडे शिजतोय."

आईच्या अब्रूचा प्रश्न. जावंच लागलं. टेबलामागे कोणी नाही, टेबलापुढेही कोणी नाही, कागद कोरा. त्याच्यावर शेवटी वकीलसाहेबांनी एर्सिलियाकडून सशाची कृती उतरवून घेतली.

लिओनिदा संध्याकाळी परतला. एर्सिलियाने विचारलं, "कसा होता?"

"वाईट," तो म्हणाला. "पण नक्की सांगता येणार नाही. पुढच्या रविवारी परत बोलावलंय."

पुढच्या रविवारी तो तिकडे जेवायला बसला होता आणि इकडे रोममधून बातमी आली. इटली युद्धात उतरला. मोंतेफोस्कोचं मत काय ते कोणी विचारलं नव्हतं. मेयर आमच्या सज्ज्यावरून तार वाचायला आले, तेव्हा त्यांनी एर्सिलियाने पुढे केलेल्या ताटाला हात लावला नाही. खाली पाद्रीबाबा आणि गाऊदेन्झिओ शेजारी शेजारी उभे होते, टोप्या हातात धरून.

लिओनिदाला बोलावणं आलं ते पुढे दीड वर्षाने, सगळ्यांबरोबर. तोवर एर्सिलियाने त्याला रोज पोटभर वाढलं. पायाची दोन बोटं आघाडीवरच्या डोंगरातल्या बर्फात ठेवून, पण मिशा घेऊन तो परत आला, आणि द्राक्षं तोडायच्या दिवसांत फिलोमेनाशी लग्न केलं. लग्नात सशाची दोन पातेली होती, एक वरच्या आळीचं, एक खालच्या. वकीलसाहेबही आले होते. सगळ्यांनी धरून विचारलं, "आता सांगा, कुठला चांगला?"

वकीलसाहेबांनी दोन्ही पातेल्यांतलं खाल्लं. दोन्ही आळ्यांकडे पाहिलं. आम्हा दोन्ही व्याह्यांच्या हातातल्या बाटल्यांकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले, "तटस्थ आहे."