जित्त्या माणसाची हजेरी

मी मेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरात त्या गेममध्ये सगळे मेले. माझी बायको इंदूबाई दोनशे चौदा वेळा मेली. मुलगा संघपाल एकदाच मेला आणि "आपल्याले नाही जमत" म्हणून चष्मा पुसत उठला. नात पायल, जिनं तो गेम बनवला, ती तर रोजच मरते, तिचं कामच ते. पण मी, कवडू मेश्राम, वय एकाहत्तर, एकदाही मेलो नाही. आणि याच्यावरूनच मागच्या महिन्यात आमच्या बेसाच्या फ्लॅटमध्ये मोठं भांडण झालं.

मी बत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली, जमिनीखाली. सरदार होतो. सरदार म्हणजे टोळीच्या आधी आत जाणारा माणूस. हातातल्या काठीनं छत ठोकायचं आणि कान द्यायचा. टण् वाजलं तर बाकीच्यायले हाक मारायची, भद्द वाजलं तर सगळ्यायले मागं सारायचं. माझ्या टोळीतला एकही माणूस छताखाली सापडून गेला नाही. हे मी पाहुण्यायले दर वेळी सांगतो, तुम्हालेही सांगितलं.

पायल कॉम्प्युटर शिकली. चांगली नोकरी होती, ती सोडली आणि दोन वर्षं मागच्या खोलीत बसून गेम बनवून राहिली होती. नाव 'पाताळवाट'. या जातीच्या गेमले रोगलाईट म्हणतात म्हणे. तुम्ही एक कामगार, डोक्यावर बत्ती, हातात कुदळ. सात मजले खाली उतरायचं. वाटेत वटवाघळं, दगडाचं अस्वल, वरून पडणारं छत, आणि सगळ्यात खाली काय आहे ते पोट्टी सांगत नाही. मेलं की पुन्हा वरून सुरू. वाटाही बदलतात, कालचा रस्ता आज नसते. फक्त जमवलेला कोळसा तेवढा राहते. त्याच्यावर खाणीच्या तोंडाशी दुकानातून मजबूत कुदळ घ्यायची, टोपी घ्यायची, आणि पुन्हा मरायले जायचं.

"याले ग्राइंडिंग म्हणतात, आजी," पायलनं सांगितलं.

"दळण म्हण ना मंग," इंदूबाई म्हणाली, आणि तिले एकदम समजलं.

इंदूबाईले तर वेडच लागलं. भाजी फोडणीले टाकली की दोनदा मरायची, कुकरच्या तीन शिट्यायमध्ये एकदा मरायची. "आज मस्त मेली, चौथ्या मजल्यापर्यंत गेली होती," असं शेजारणीले सांगायची. ती बाई घाबरून घरी गेली. दुकानातली सगळी हत्यारं इंदूबाईनं घेऊन टाकली होती. आम्ही दोघं पन्नास वर्षं संगं राहून राहिलो, पण ही बाई इतक्या बिनधास्त मरू शकते हे मले माहीत नव्हतं.

पण गेमचं काही खरं नव्हतं. पायलनं बारा दोस्तायले खेळायले दिला, त्यातले नऊ पाचव्यांदा मरून उठून गेले. तिनं सोपा केला, तर इंदूबाई म्हणाली, "हे काय वं, कोणी मारतच नाही," आणि संध्याकाळभरात कंटाळली. पुन्हा कठीण केला, तर उरलेले तिघंही पळाले. पोट्टी रोज अस्वलाचा जीव कमी करायची आणि सकाळी वाढवायची. जेवताना घास हातात धरून बसायची.

संघपाल सदर भागातल्या एका ऑफिसात हेडक्लार्क आहे. ओरडत नाही, तेच कठीण. तो म्हणाला, "बेटा, दोन वर्षं दिली मी. रविवारी सदरच्या हॉलमध्ये गेमवाल्यायचा मेळा आहे, बंगलोरची कंपनी येऊन राहिली. त्यायनं तुझा गेम घेतला तर पुढं चाल. नाही घेतला तर सोमवारी पुण्याची नोकरी धर." पुण्याचं पत्र येऊनच पडलं होतं.

पायल "हाव" म्हणाली. त्या हावमध्ये काही जीव नव्हता. मले लई वाईट वाटलं. हे पोरगं लहानपणी माझ्या मांडीवर बसून खाणीच्या गोष्टी ऐकायचं, आणि त्या अंधारातूनच तिनं हे सगळं उभं केलं होतं. ते सोमवारी बंद होणार होतं. मंग मी म्हटलं, आण इकडं, मी पाहतो.

मी खेळलो तो दिवस मंगळवार. पहिलं काम मी काय केलं, तर छत ठोकलं. आणि काय सांगू, वाजलं. टण्. दोन पावलं पुढं, पुन्हा टण्. तिसऱ्या जागी भद्द. मी थांबलो आणि समोर धडाधड दगड पडले. मी पायलकडं पाहिलं.

"तुमच्या गोष्टीतला आवाज टाकला होता," ती म्हणाली. "कोणी ऐकतच नाही आबाजी. सगळे पळतच सुटतात."

मी नाही पळालो. ठोकत ठोकत तीन मजले उतरलो, अस्वलाले बाजूनं टाळलं, पोतंभर कोळसा जमवला. तीन तास लागले. बत्ती अर्धी झाली तेव्हा मी मागं फिरलो. आमचा नियमच होता, जेवढी बत्ती जायले तेवढीच यायले. आलो त्याच वाटेनं वर चढलो, खाणीच्या तोंडातून पोतं घेऊन बाहेर पाय ठेवला, आणि पडदा काळा झाला. वर अक्षरं आली. खेळ सोडला. जमा कोळसा रद्द.

"हे काय आहे वं?"

"आबाजी, तुम्ही दारातून बाहेर आले ना. म्हणजे गेम सोडला."

"सोडला कुठं? शिफ्ट संपली, वर आलो."

"वर यायचं नसते. पुढंच जायचं असते. मेलं की आपोआप वर येते. मंग दुकान उघडते."

माझं डोकं सटकलं. "म्हणजे मेलेल्याले दुकान आणि जित्त्याले ठेंगा? कोणत्या भैताडानं केला हा कायदा?"

"मी केला," पायल म्हणाली, आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. "सगळ्याच गेममध्ये असं असते."

"तर मंग सगळ्याच गेमवाल्यायले आठ दिवस खाणीत धाडा." असं म्हणून मी उठलो आणि गॅलरीत जाऊन पाठ करून बसलो. चहा आला, घेतला नाही. खरं सांगतो, घ्यायचा होता. पण एकदा पाठ केली की चहासाठी वळता येत नाही. दिवसभर मी कोणाशी बोललो नाही, अन् पायल कोणाशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी इंदूबाई ताट घेऊन गॅलरीत आली. "संघपालचे बाबा, राग कशाचा आला ते पोरीले सांगा तरी. नुसतं फुगून काय होते? तिच्यापाशी चार दिवस राहिले."

तेव्हा मी कपाटातून माझं टोकन काढलं. पितळेचं, रुपयाहून मोठं, वर भोक, खाली नंबर ४१८. रिटायर होताना ते जमा करायचं असते. मी केलं नाही. हरवलं म्हणून सांगितलं, आणि त्याचं मले आजही काही वाटत नाही.

मी ते पायलच्या हातावर ठेवलं. "हे पाह्य. खाणीच्या तोंडाशी फळी असायची, खिळेच खिळे. प्रत्येकाचा एक खिळा. खाली जाताना आपलं टोकन काढून खिशात टाकायचं. वर आलं की आधी टोकन लावायचं, मंग हात धुवायचे. शिफ्ट सुटली आणि एक जरी खिळा रिकामा दिसला, तर कोणी घरी जायचं नाही. कोळसा किती काढला ते मागून. आधी माणसं किती आली ते."

"आणि रिकामा राहिला तर?"

"एकदा राहिला होता. बळीरामचा. साठ माणसं पुन्हा खाली उतरली. तीन तास हाका मारून राहिले, गळे बसले. आणि बळीराम कुठं, तर घरी. टोकन खिशात ठेवून सरळ घरी गेला होता, जेवून झोपला होता. दुसऱ्या दिवशी आला तर कोणी त्याच्याशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं साठ जणायले आलूबोंडे खाऊ घातले, तेव्हा कुठं मिटलं."

पायल हसली. किती दिवसांनी हसली. मंग टोकन बोटात फिरवत म्हणाली, "म्हणजे रिकामा खिळा दिसला की शोधायले जायचंच?"

"मंग दुसरं काय?"

ती उठली आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. शनिवारपर्यंत त्या दारातून फक्त रिकामी ताटं बाहेर आली. एकदाच तिनं मले आत बोलावलं, भिंतीत खिळा ठोकायले लावला आणि त्याच्यावर ते टोकन पंधरा वेळा अडकवायले लावलं. समोर मोबाईल धरून आवाज घेऊन राहिली होती. तिच्या बापानं भिंतीचा पेंट पाहिला आणि चष्मा पुसत निघून गेला.

शनिवारी दुपारी तिनं गेम आजीपुढं ठेवला. आता खाणीच्या तोंडाशी फळी होती. जित्तं परत आलं की टोकन खिळ्यावर लागते, आणलेला कोळसा दुप्पट धरते, आणि वाटेत छताले लावलेले टेकू पुढच्या वेळी तसेच राहतात. आणि मेलं, तर टोकन जिथं मेलं तिथंच पडून राहते, फळीवरचा त्या मरणाचा खिळा रिकामा. जुनी मरणंही गेमनं मोजून ठेवली होती. मेलेल्यालेही दुकान आहे, पण पहिल्यासारखं भरलेलं नाही. वाटा बदलल्या तरी टोकन त्याच मजल्यावर कुठंतरी असते. खाली जाऊन आणायचं.

अस्वल होतं तितकंच ताकदीचं ठेवलं होतं. त्याले तिनं हातच लावला नव्हता.

इंदूबाईनं फळी पाहिली. दोनशे चौदा खिळे, सगळे रिकामे. "म्हणजे मी इतक्या जागी पडून आहो खाली?"

"हाव आजी."

"अन् मी मस्त दुकानात फिरून राहिली होती." तिनं पदर खोचला. "गॅस बंद कर वं पायल. माझ्या दोनशे चौदा बाया खाली आहेत, त्यायले आणतो."

त्या दिवशी आम्ही बाहेरून जेवण मागवलं.

रविवारी सदरच्या हॉलमध्ये वीसेक टेबलं होती. आमचं शेवटून दुसरं. पायलच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. संघपाल इस्त्रीचा शर्ट घालून खांबाजवळ उभा, जसा काही दुसऱ्याच कामानं आला. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर. बारा वाजता बंगलोरच्या कंपनीची बाई आली. उत्तरा नाव, मूळची आपल्याकडचीच, बोलायले साधी. प्रत्येक टेबलावर दहा मिनिटं, असं तिनं आधीच सांगून टाकलं.

गेममध्ये ती पळत सुटली आणि पहिल्याच मिनिटात मेली. दुसऱ्यांदा वटवाघळायनं खाल्ली. तिसऱ्यांदा छत. मले राहवलं नाही. "बाई, आधी छत ठोकत जा." पायलनं माझ्याकडं डोळे मोठे केले. चौथ्यांदा अस्वल. पाचव्यांदाही अस्वल.

पाचवं मरण. आम्हाले तिघायलेही तो आकडा माहीत होता, नऊ दोस्त इथंच उठून गेले होते. बाईनं घड्याळ पाहिलं, पाण्याची बाटली उचलली, उठली. पायलनं मान खाली घातली. संघपालनं खांबावरचा हात काढला आणि दोन पावलं पुढं आला, पोरीले सावरायले, मले दिसलं ते.

तेवढ्यात पडद्यावर पुन्हा फळी आली. इतका वेळ बाईनं ती नीट पाहिलीच नव्हती. पाच खिळे, पाचही रिकामे, प्रत्येकाखाली टोकन कोणत्या मजल्यावर पडलं ते.

बाई उभ्यानंच पाहत राहिली. "एक तरी दोन नंबरच्याच मजल्यावर आहे ना?"

"आहे," पायल म्हणाली.

"तेवढं आणते फक्त." आणि ती खुर्चीच्या टोकावर टेकली. या वेळी तिनं छत ठोकलं. टण्, टण्, भद्द, थांबली. टोकन उचललं, बत्ती अर्धी झाल्यावर मागं फिरली, आणि वर येऊन खिळ्यावर लावलं. टण् वाजलं. माझं टोकन, आमच्या भिंतीवरचं. बाईनं बाटली खाली ठेवली आणि खुर्ची पुढं ओढली. "अजून चार आहेत," ती कोणाले म्हणाली कोण जाणे.

जेवणाची सुट्टी झाली, बाई उठली नाही. मागं पोट्ट्यायची रांग लागली. पाचवं टोकन लागलं तेव्हा रांगेतल्या पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या, आणि संघपालनंही वाजवल्या, इस्त्रीच्या शर्टातच.

त्यायनं गेम घेतला. फक्त एक अट होती. तीन महिने बंगलोरले जाऊन त्यांच्या माणसायसंगं तो पुरा करायचा, मंग इथं घरी बसून पुढचं काम. मले आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच झालं. पुण्याले जायची म्हणून मी कष्टी होतो, अन् आता बंगलोर. पण या जाण्यात पोट्टीच्या तोंडावरचा उजेड वेगळा होता, हे मीही पाहिलं.

निघायच्या दिवशी संघपालनं हातोडी आणली. ज्या माणसानं फ्लॅटच्या भिंतीवर कधी कॅलेंडर लावू दिलं नाही, त्यानं दाराच्या बाजूले, नव्या पेंटवर, एक खिळा ठोकला. मी त्याच्यावर ४१८ लावलं. पायलनं ते काढलं आणि खिशात टाकलं. खिळा रिकामा झाला.

"आबाजी," ती बूट घालता घालता म्हणाली, "तोवर तुम्ही एकदा तरी मरून पाहा ना गेममध्ये. सातव्या मजल्यावर काय आहे ते जपून खेळणाऱ्याले दिसतच नाही."

"तू येऊन टोकन लावेपर्यंत तर मी मरत नाही," मी म्हटलं.

ती हसायले लागली, आणि मधेच थांबली. मंग माझ्या गळ्यात पडली, एका पायात बूट, एक पाय मोकळा.

आतून इंदूबाई ओरडली, "ऑटो आला, आटपा लवकर. माझ्या अजून एकसष्ट बाया खाली आहेत."