भीमसिंग बंगला हारला

भीमसिंगनं उभ्या आयुष्यात पत्त्याला हात लावला नव्हता, आणि जुगारातलं त्याच्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या औंढा तालुक्यात दुसरा नव्हता. यात विशेष काही नाही. शेतीवर सगळ्यात चांगलं बोलणारी माणसंही बहुतेक पंख्याखालीच बसलेली असतात.

हे ज्ञान त्यानं जवळा बाजारच्या व्हिडिओ पार्लरमध्ये मिळवलं होतं. पार्लर म्हणजे अमृतरावांचं कापसाचं जुनं गोदाम, त्यात एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि समोर अंथरलेली ताडपत्री. बाजाराच्या दिवशी दुपारी एकचा खेळ. भीमसिंग आपल्या बंजारा तांड्यावरून वांगी घेऊन यायचा आणि बाराच्या आत, मिळेल त्या भावात, मोकळा व्हायचा. त्याची वांगी स्वस्त का, याचं कारण बाजारातल्या बायकांना ठाऊक होतं. त्या मुद्दाम पावणेबाराला यायच्या.

पिक्चर बघायचा तो फक्त जुगाराचा. "मारामारी काहून पैसे देऊन बघायची?" तो म्हणायचा. "ग्रामपंचायतीत फुकट दिसते. आन् लग्नाचं म्हनाल तर माझं झालेलं हाय." जुगाराच्या पिक्चरांचे त्यानं नंबर लावले होते. तिसरा 'काण्याचा', दुसरा 'लाल गाडीचा' आणि पहिला, कुणी काही म्हणो, 'चाकाचा'. ही खरी नावं नव्हेत. कॅसेटांवरच्या चिठ्ठ्या केव्हाच झिजून गेल्या होत्या, तेव्हा पब्लिकनं आपली नावं ठेवली होती.

'चाकाचा' हा परदेशातला पिक्चर. गोऱ्या माणसांच्या तोंडी कुणीतरी हिंदी घातलेलं. देवळाच्या सभामंडपाएवढं कॅसिनो, वर झुंबर, मधोमध गरगर फिरणारं चाक. हिरो आधी जीप हारतो, मग घोडा, मग बंगला. शेवटच्या डावात पांढऱ्या कोटातला व्हिलन आपले पत्ते उघडतो, हिरो आपल्या शेवटच्या पत्त्याला बोट लावतो... आणि तिथून पुढं अमृतरावांच्या आकांक्षाचं लग्न सुरू होतं.

झालं होतं असं, की लेकीच्या लग्नाच्या शूटिंगला अमृतरावांनी कोरी म्हणून दिलेली कॅसेट कोरी नव्हती. त्यामुळं जवळा बाजारात आजवर कुणालाच हिरोचा शेवटचा पत्ता ठाऊक नव्हता. तक्रार मात्र कुणी केली नाही. उलट पब्लिक लग्नही शेवटपर्यंत बघायचं. आकांक्षा पांढऱ्या साडीत हार घालायला पुढं झाली, की ताडपत्रीवरून हमखास आवाज यायचा, "आता आत्या रडंल बघा." आत्या रडायची. पैसे वसूल.

खेळ सुटला की भीमसिंग समोरच्या चाचांच्या हॉटेलात बसायचा. दुकान सोडून पिक्चरला येता न आलेले दहा-बारा जण तिथं वाटच बघत असायचे. चहा त्यांचा, गोष्ट याची. सांगायची त्याची एक पद्धत होती. हिरो असं करतो, हिरो तसं करतो, ही भानगड त्याला पटायची नाही. तसं सांगितलं की गोष्ट लांब जाते, असं त्याचं मत. तो सरळ 'मी' म्हणून सांगायचा. 'चाकाचा'चा शेवट तर त्याचा त्यालाच रचावा लागे, आणि तो दर बाजाराला नवा असे. पुष्कळ लोक एकच पिक्चर चार वेळा ऐकायला यायचे ते त्यासाठी.

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी त्याच्या निलमला स्थळ आलं. पोरगा कुलदीप, शिरड शहापूरकडच्या तांड्यावरचा, डी.एड. होऊन मास्तर लागलेला. बघण्याचा कार्यक्रम झाला. त्यानंतर निलम दोन दिवस उगीचच सगळ्यांवर चिडून होती, तेव्हा पोरगा तिच्या मनात भरला हे तिच्या आईला, जिवनबाईला, न विचारता समजलं. राहिली होती ती फक्त चौकशी.

चौकशीला पोराचा मामा देवला आला. रीत अशी, की कुणाला न सांगता यायचं, बाजारात बसायचं आणि कान उघडे ठेवायचे. देवला चाचांच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसला. समोर त्याचा होणारा सोयरा हात उडवून सांगत होता.

"जीप गेली. म्हनलं, जाऊ द्या. घोडा गेला. म्हनलं, त्याला चारा तरी कुठं होता! मंग बंगला लावला. बायको दारात हुभी, डोळ्यात पानी. मी तिच्याकडं बघितलंच न्हाई. बघितलं की हात कापते."

दहा जणांनी उसासा सोडला.

"मंग, भीमसिंगभाऊ?"

"मंग काय? बंगला गेला!"

देवलाच्या हातातली बशी कलंडली. तो हळूच उठून गल्ल्यापाशी गेला. "चाचा, हे नेहमीचंच हाय का?"

"हर बाजार को," चाचा चहा गाळत म्हणाले. "कभी हारता, कभी जीतता. पिछले बाजार को तो हवाईजहाज जीता."

देवलानं विमानाचंही ध्यानात ठेवलं. चौकशीला गेलेल्यानं बातमी आणायची असते. ती खरी आहे का, हे बघायला दुसरा माणूस पाठवावा लागतो, आणि तेवढी माणसं कुणाकडं नसतात. मागं भीमसिंग शेवटच्या डावाला बसला होता, पण बाहेर शिरडची काळी-पिवळी जीप हॉर्न वाजवून राहिली होती. देवला मोठ्या नाइलाजानं निघाला.

चौथ्या दिवशी निरोप आला. पोरगी लाखात एक, पण बाप बंगले हारते. सोयरीक जमायची नाही.

"बंगला?" जिवनबाई म्हणाली. "गोठ्यावरचं पत्र्याचं पान उडून दोन वर्सं झाली, ते बसवलं न्हाई. हा बंगला कधी बांधला तुमी?"

भीमसिंगनं घडलं ते सांगितलं. जिवनबाईनं कपाळावर हात मारला. निलम चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली, आणि तिची भाकरी पहिल्यांदाच वाकडी झाली. भीमसिंगनं ती वाकडी भाकरी बघितली. आपल्या तोंडापायी लेकीचं मनासारखं घर जातंय, हे त्याला त्या भाकरीवर स्पष्ट दिसलं.

तो नायकाकडं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडं, गेला. नायक म्हातारे, शांत, आणि न्याय करायला मिळाला की खूश होणारे. त्यांनी सांगावा धाडला, की न्हाई म्हणायचं तर तोंडासमोर येऊन म्हणा.

रविवारी सकाळी शिरडची मंडळी आली. पोराचा बाप रामप्रसाद, आई नानीबाई, देवला, खुद्द कुलदीप, आणि आणखी चौदा जण. दोन जीप भरून. नकार द्यायला एवढी माणसं का लागतात, हे कुणाला उमगेना. बरं, आलेली मंडळी रागातही दिसत नव्हती. त्यातली बरीच भीमसिंगकडं बोट करून एकमेकांना दाखवत होती.

लिंबाखाली सतरंज्या पडल्या. नानीबाईनं पदर खोचून सुरुवात केली. "आमच्या घरात चार पिढ्यांत कुनी पत्ता शिवला न्हाई. का हो?"

"कुनीच न्हाई," रामप्रसाद म्हणाला.

"मी तरी कुठं शिवला!" भीमसिंग म्हणाला. "आवो, पिक्चरची गोष्ट हाय ती. अमृतरावाला विचारा."

"जुगारी मानूस असंच म्हनते," रामप्रसाद म्हणाला. "पिक्चरची गोष्ट सांगताना कुनी 'माझी बायको रडत होती' म्हनते का?"

"मी कवा रडले?" जिवनबाई आतून ओरडली. "मी न्हाई त्या बंगल्यात ऱ्हायले, न्हाई रडले!"

गोंधळ वाढला. तेव्हा चहाचा ट्रे घेऊन आलेली निलम मधेच थांबली आणि खाली मान घालून म्हणाली, "नायकबाबा, ट्रॅक्टर चालवता येते का न्हाई ते ट्रॅक्टरवर बसवूनच कळते. बापूच्या हातात पत्ते द्या. दिसंल."

"बराबर," नायक म्हणाले.

"पन ते मुद्दाम येडं सोंग घेतील," देवलानं शंका काढली.

नायकांनी विचार केला. मग निवाडा दिला. "तीन पत्तीचा एकच डाव. भीमसिंग आन् रामप्रसाद. भीमसिंग जिंकला तर सोयरीक पक्की. हारला तर तुमी तुमच्या वाटेनं. मंग कसं सोंग घेईल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. जिंकला तर तो जुगारी ठरतो आणि हारला तर सोयरीक मोडते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर ते कुलदीपच्या. पण मास्तरांना सुट्टीच्या दिवशी बोलायची सवय नसते.

आता पत्ते हवे होते. तांड्यात कुणाकडंच पत्ते नव्हते, तसं सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. शेवटी देवलानं आपल्या पिशवीतून एक जोड काढला. "प्रवासात असावा," तो म्हणाला. नानीबाईनं भावाकडं एकदा बघून घेतलं.

नायकांनी पिसले, रामप्रसादनं काटले. तीन-तीन पानं वाटली गेली.

भीमसिंगनं पानं उचलली. दाराकडं त्यानं बघितलंच नाही. हजारदा सांगितलेला प्रसंग आज अंगावर आला होता, आणि समोर बंगला नव्हता, निलम होती. झुंबर नव्हतं, म्युझिक नव्हतं. लिंबावर एक कावळा होता. त्यानं पिक्चरमधल्यासारखं एकेक पान हळू सरकवून बघितलं. चौकट दुर्री. बदाम दुर्री. त्यानं डोळे मिटले आणि तिसरं सरकवलं. किल्वर दुर्री.

त्याचा चेहरा पडला. जेवढे पिक्चर त्यानं बघितले होते, त्यातल्या एकाही हिरोनं दुर्रीवर डाव जिंकला नव्हता. हिरोला शेवटी तीन एक्के येतात. फार झालं तर बादशाह. दुर्री कुणाला येते? जो पहिल्या दहा मिनिटांत मरतो त्याला. आणि याला तर एक सोडून तिन्ही! याहून भिकार पानं देवानं कुणाला दिली नसतील.

त्यानं घराच्या दाराकडं बघितलं. निलम उभी होती. "बाई, माफ कर," तो म्हणाला. त्यानं तिन्ही पानं उपडी सतरंजीवर टाकली. "हारलो मी. आपलं नशीबच दुर्रीचं."

रामप्रसादच्या हातात एक राणी आणि दोन किरकोळ पानं होती. डाव तो जिंकला होता, पण त्याला राहवलं नाही. त्यानं भीमसिंगची पानं उलटून बघितली आणि जागेवर उडालाच.

"आबाबा! तीन दुऱ्या! आरं येड्या, तीन सारखी पानं कुनी टाकते का? हे पान आलं तर मानूस घर लावते, शेत लावते! मला बावीस वर्सांत दोनदा आलं! एकदा भाच्याच्या लग्नात, जानवश्यावर, आन् दुसऱ्यांदा..."

तो थांबला. थांबायला उशीर झाला होता. अठरा जणांमधल्या पुरुषांनी "तीन दुऱ्या!" म्हणून आपापल्या छातीवर हात ठेवले होते, आणि ते हात आता हळूहळू खाली येत होते.

"दुसऱ्यांदा कुठं?" नानीबाईनं शांतपणे विचारलं.

रामप्रसाद लिंबाकडं बघू लागला.

"बावीस वर्सं," नानीबाई म्हणाली. "आन् मी समजते, मानूस भजनाला जाते." मग ती भीमसिंगकडं वळली. "भाऊ, पोरीचं लग्न डावावर असताना ज्याला असलं पान टाकता येते, त्यानं जन्मात जुगार खेळला नसंल. तुमच्या घरची पोरगी मला पाह्यजे. आमच्या घराला निदान एक तरी घर बिनजुगारी जोडू द्या."

"पन भीमसिंग डाव हारला," नायक म्हणाले. निवाड्याची त्यांना काळजी होती.

"हारला म्हनूनच जिंकला, नायकबाबा," कुलदीप म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि दाराकडं बघून बोलला होता. नायकांनी ते वाक्य दोनदा मनात घोळवलं, त्यांना ते आवडलं, आणि पुढं कित्येक वर्षं ते स्वतःचं म्हणून सांगायचे.

गूळ-खोबरं फिरलं. पण मंडळी उठेनात. रामप्रसाद जरा पुढं सरकला, आवाज खाली घेतला.

"सोयरे, एक विचारू का? बंगला गेल्यावर पुढं काय झालं?"

चौदा जण एकदम पुढं सरकले. देवलानं घरी जाऊन निम्मीच गोष्ट सांगितली होती, आणि आठवडाभर शिरडकडचा अख्खा तांडा शेवटच्या पत्त्यावरून भांडत होता. दोन जीप भरायचं कारण आता कळलं.

भीमसिंग खुलला. पांढरा कोट आला, झुंबर आलं, चाक गरगर फिरलं, कावळासुद्धा गप्प झाला. "आन् मी शेवटच्या पत्त्याला बोट लावलं..."

"बापू," निलम दारातून म्हणाली, "शेवट लग्नात सांगा."

भीमसिंगनं तिच्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला हुकमाचं पान ओळखू आलं. "बराबर. शेवट लग्नात!"

लग्नाला शिरडकडून पाच जीप आणि एक ट्रक भरून माणसं आली. अमृतरावांनी शूटिंगसाठी कॅसेट भेट दिली. ती कोरी आहे, हे आकांक्षानं स्वतः व्हीसीआरला लावून बघितलं होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि भर दुपारी मांडवात तीनशे माणसं भीमसिंगभोवती बसली. त्यानं पांढऱ्या कोटाचे पत्ते उघडले, आपले तीन वर केले.

"तीन दुऱ्या," तो म्हणाला. "आन् मी टाकून दिल्या."

मांडवात कुजबुज सुरू झाली. "छ्या! असं कुठं असते का? पिक्चरवाले काहीही दाखवतात!"

"असते," मागून रामप्रसाद म्हणाला, आणि नानीबाईकडं न बघता त्यानं आणखी एक लाडू घेतला.