निर्मलगुरुजींच्या संगणकावरची शेळी

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल इतका भरला होता की मागची माणसं विक्रीला ठेवलेल्या कपाटांना टेकून उभी होती. पुढे टेबलावर दोन संगणक आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले निर्मलगुरुजी. विंचू धरावा तसा त्यांनी एक काळा पेनड्राइव्ह चिमटीत धरून उंच केला.

"यात काय आहे?"

"व्हायरस," सगळे एका सुरात म्हणाले. नेहमीचे श्रोते असावेत.

डाव्या संगणकात, म्हणजे घरोघरी असतो तसल्या साध्यासुध्या संगणकात, गुरुजींनी तो खुपसला. पडदा लालभडक झाला, फाइलींची नावं वेडीवाकडी झाली आणि एक कवटी दात विचकून हसू लागली. पुढच्या रांगेतल्या टायपिंग क्लासच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मग गुरुजींनी तोच पेनड्राइव्ह कापसाने पुसून उजव्या संगणकात घातला. त्यावर 'निर्मल' नावाची, फारशी कुणी न ऐकलेली सिस्टीम होती. तिथे काहीच झालं नाही. काहीच न होण्याला एवढ्या टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

"व्हायरस कुठे जातो?" गुरुजी म्हणाले. "जिथे गर्दी, तिथे. निर्मल किती जण वापरतात? मूठभर. का? कारण ती सगळ्यांना झेपत नाही. तिची घडणच सात्त्विक आहे. सात्त्विकाला बाधा होत नाही."

गुरुजी याआधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. शुद्धतेशी त्यांचं नातं जुनं होतं.

"आणि बॅकअप कशाला हवा?" त्यांनी आवाज खाली आणला. "दुसरी प्रत ठेवणं हा पहिल्या प्रतीचा अपमान आहे. आईच्या हातचं जेवताना आपण शेजारी औषध घेऊन बसतो का? येत्या रविवारी निःशंक सोहळा आहे. आपापल्या बॅकअपच्या डिस्क आणा. शंका माझ्या झोळीत टाका आणि मोकळे व्हा."

मी शेजारी पाहिलं. माझी ताई मान डोलावत होती. 

ताईचा फोटो स्टुडिओ आहे. गावातल्या निम्म्या लोकांचे चेहरे तिच्या संगणकात आहेत. गेल्या वर्षी तिच्या संगणकात कसला तरी व्हायरस शिरला आणि सगळे फोटो कुलूपबंद झाले. ती आठवडाभर धड जेवली नाही. शेवटी कपाटातल्या बॅकअपच्या डिस्कवरून सगळं परत मिळालं. त्यानंतर एक शिंपी आला. त्याची बायको गेली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. ताईने त्याच डिस्कवर शोधून तो काढला. दुसऱ्याच कुणाच्या तरी समारंभाच्या फोटोत, मागच्या ओळीत, ती हसत उभी होती. शिंपी तो फोटो हातात धरून स्टुडिओच्या पायरीवर बराच वेळ बसून होता.

आणि आता तीच डिस्क ताई गुरुजींच्या झोळीत टाकणार होती. वाचवलं डिस्कने आणि भक्ती निघाली गुरुजींच्या नावाने.

आम्ही थेट भावजींच्या दवाखान्यात गेलो. भावजी जनावरांचे डॉक्टर. एका कुत्र्याच्या पंजाला पट्टी बांधता बांधता त्यांनी सगळी हकिकत ऐकली.

"पेनड्राइव्हमधला व्हायरस कुठल्या जनावराचा होता?" त्यांनी विचारलं.

"अहो, जनावर कुठलं? संगणक होता तो," ताई म्हणाली.

"तेच विचारतोय. लिहिला होता कुठल्या संगणकासाठी?"

"डाव्या," मी म्हणालो.

"मग उजव्याला होईल कसा? कोंबड्यांची साथ आली आणि या कुत्र्याला ती लागली नाही, तर याला मी अवतारी पुरुष म्हणू का?"

कुत्र्याने आशेने आमच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला सगळीकडे जनावरंच दिसतात," ताई म्हणाली.

"तुझा भाऊ रोज समोर असतो, मी तरी काय करणार?"

मी हे कानाआड केलं. ताईने सोडलं नाही. "पण त्या सिस्टीमला व्हायरस कमी लागतात, हे तरी खरं ना?"

"खरं आहे. खिसेकापू बाजारात उभा राहतो, आडवाटेला त्याला कोण भेटणार? पण म्हणून आडवाटेने जाणाऱ्याच्या खिशाला कुलूप असतं असं नाही. आणि तुझे गुरुजी तर दर रविवारी त्याच आडवाटेवर बाजार भरवतायत."

ताई बाकावर बसली. म्हणाली, "गेल्या वर्षी माझं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. मला ती भीती परत नकोय. कुणीतरी छातीठोकपणे सांगतंय की काही होणार नाही, तर ऐकावंसं वाटतं हो."

भावजींनी पट्टीची गाठ मारली. "ऐक की. डिस्कही दे. फक्त आधी एकदा तपासून घे. मी नवी लस आंधळेपणाने टोचतो का?"

माझी भाची परगावी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. तिला फोन लावला तर ती हसतच सुटली. "आई, त्या सिस्टीमला त्रास देणारं काही लिहायला मला चहा थंड व्हायला लागतो तेवढा वेळ पुरे."

"कुणाचं काही पुसायचं नाही हं," ताईने बजावलं.

"नाही गं. नुसतं झाकायचं. बंद करून चालू केला की सगळं जागच्या जागी. बाबांना म्हणावं, एखादा झकास फोटो पाठवा."

भावजींनी मोबाइल चाळून जंताचं औषध नुकतंच प्यायलेल्या एका शेळीचा फोटो पाठवला. तिच्या चेहऱ्यावर जगाविषयीची सगळी नाराजी होती.

रविवारी टेबलाशेजारी झोळीऐवजी खोकं होतं आणि त्यात डिस्क पडत होत्या. काळ्या पेनड्राइव्हचा खेळ सुरू होणार, तेवढ्यात ताई उठली. एका हातात पर्स, पर्समध्ये डिस्क. दुसऱ्या हातात नवा पेनड्राइव्ह.

"गुरुजी, आज त्याच्याऐवजी हा लावाल? यातली फाइल माझ्या मुलीने केलीय. त्रास देणारी आहे, आधीच सांगते."

गुरुजी प्रसन्न हसले. "आणा. विष आणा. आम्ही वाटच बघतोय."

पेनड्राइव्ह उजव्या संगणकात गेला. गुरुजींनी फाइल उघडली, तसा पडद्यावर प्रश्न आला: ही फाइल अनोळखी आहे, चालवायचीच असेल तर पासवर्ड द्या.

"पाहिलंत? यंत्रसुद्धा किती नम्र," असं म्हणत गुरुजींनी ऐटीत पासवर्ड ठोकला.

पडद्यावर भक्तांच्या मेळाव्याचे फोटो होते. पहिल्याची शेळी झाली. दुसऱ्याची झाली. मग रांगच लागली. शेवटी कोपऱ्यातला गुरुजींचा हसरा फोटोही गेला आणि त्या जागी नाराज शेळी आली.

"फारसा फरक नाही," मागे कपाटापाशी कुणीतरी पुटपुटलं.

"हा व्हायरस नाही," गुरुजी घाईने म्हणाले. "ही खोडी आहे. आणि मी स्वतः उघडली म्हणून झाली."

"गेल्या वर्षी माझ्याकडेही मीच उघडली होती," ताई म्हणाली.  "बिल म्हणून आली होती."

भावजी उठून टेबलापाशी गेले. "डाव्यावर झाली तर बाधा आणि उजव्यावर झाली तर खोडी, असं का? बरं, आता हाच पेनड्राइव्ह डाव्याला लावा."

गुरुजींचा हात हलेना, म्हणून भावजींनीच लावला. डाव्या संगणकाने ही फाइल आपल्याला उघडता येत नाही असं कळवलं आणि तो गप्प बसला. ना शेळी, ना कवटी.

"घ्या," भावजी म्हणाले. "आता हा सात्त्विक झाला. अहो, जे औषध ज्याच्यासाठी, ते त्यालाच लागू. तुम्ही डाव्याचं विष दोघांना पाजलंत आणि उजव्याची आरती केलीत. उजव्याचं विष उजव्याला कधी पाजून पाहिलंत का?"

गुरुजी म्हणाले की सभेत कुणाच्या तरी मनात शंका होती आणि शंकेची कंपनं यंत्र ओढून घेतं. दोनचार माना डोलल्यासुद्धा. पण टायपिंग क्लासच्या बाई उठल्या आणि त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, "मागच्या सोहळ्यात मी दिलेली डिस्क कुठे आहे?"

"तिचं शुद्धीकरण झालं."

"म्हणजे?"

म्हणजे पुसून, नव्या पाकिटात घालून ती खालच्या रस्त्यावर विकली गेली होती, हे नंतर कळलं. बाईंचं सगळं काम तिच्यावर होतं. त्या दिवशी त्यांनी खोक्यात हात घालून शोधलं, पण त्यांची डिस्क तिथे नव्हती. मग एकेक जण पुढे झाला आणि आपापली डिस्क उचलू लागला. भावजींनी उजवा संगणक बंद करून चालू केला. ठरल्याप्रमाणे सगळे फोटो परत आले. शेळी गेल्याचं मला जरा वाईट वाटलं.

निर्मल सिस्टीमवर माझा राग नाही. ती चांगलीही असेल. तिने बिचारीने विचारलं होतं. दार माणसाने उघडलं. तिच्या वाटेला चोर कमी फिरकतात, कारण तिथे गिऱ्हाईक कमी. हे नशीब आहे, कवच नव्हे, आणि लोक वाढले की ते संपतं. उद्या कुणी छातीठोकपणे सांगितलं की अमक्याला काही होतच नाही, तर एवढंच विचारा: तपासलं कुणी, आणि कशाने? अनोळखी फाइल उघडू नका, पासवर्ड देताना क्षणभर थांबा, सिस्टीमच्या दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, आल्या की घ्या, आणि दुसरी प्रत ठेवा. यात चमत्कार काही नाही, म्हणून त्याला टाळ्या पडत नाहीत.

गुरुजींना आता आणखी दुर्मिळ सिस्टीम सापडली आहे. ती जगात ते एकटेच वापरतात. अद्याप बाधा झालेली नाही.

ताईने घरी येऊन आधी डिस्क लावली आणि शिंप्याच्या बायकोचा फोटो उघडून पाहिला. मागच्या ओळीत ती तशीच हसत होती. मग ताईने आणखी एक प्रत काढली आणि भावजींच्या हातात ठेवली.

"ही दवाखान्यात ठेवा."

"का? आता कसली भीती?"

"भीती आहेच," ताई म्हणाली. "म्हणून तर दोन ठिकाणी ठेवतेय."