उजव्या हाताला मांडव

माझे दोन्ही भाऊ हट्टी. थोरला महावीर, धाकटा बाळगोंडा, आणि मधली मी, प्रेमला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं आणि बोलणंच तुटलं. घरात दोन चुली झाल्या. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, कुणाचीच बाजू न घेता तिसरी चूल मांडली आणि एकटीपुरतं शिजवून खाऊ लागली. मला विचाराल तर तिघांच्याही एकेक ठेवून द्यावी असं वाटायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो माघ. निपाणीजवळच्या आमच्या लहानशा गावात आम्हा जैनांची पंचकल्याणिक पूजा ठरली होती. अव्वानं दोघांना वेगवेगळं बोलावून एकच मागितलं. शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून मांडवाला प्रदक्षिणा घालायची, तेवढं बघितलं की तिला आणखी काही नको होतं. दोघांनी माना डोलावल्या, आणि दोघंही पळवाट शोधायला लागले.

अण्णाला, म्हणजे महावीरला, ती मुंबईत सापडली. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या ओळखीनं त्यानं छोटं विमान ठरवलं. वरूनच प्रदक्षिणा घालायची, वरूनच फुलं टाकायची. पूजेची शोभा वाढते, आईचा शब्द राहतो आणि भावाच्या शेजारी उभं राहावं लागत नाही. मला बरोबर घेतलं ते फुलांच्या पाट्या धरायला. त्याच वेळी बाळगोंडा बेळगावात एका संस्थानिकाच्या कारभाऱ्याकडं बसून अगदी हेच ठरवत होता, ते आम्हाला कुणी सांगावं? एकाच आईची लेकरं ती, डोकी तरी वेगळी कशी चालणार.

आमचा वैमानिक तरणा पारशी होता. तो म्हणाला, आमची रीत डावीकडून फिरायची. अण्णानं साफ नकार दिला. प्रदक्षिणा म्हटली की देव उजव्या हाताला पाहिजे, डाव्या फेऱ्याचं पुण्य कुठं जाऊन पडेल कोण जाणे. पारशी हसला. वर दुसरं कोण आहे आपल्याला आडवं यायला, म्हणाला, आणि कबूल झाला.

माळ खाली सुटला तशी मी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणायला लागले. उघडले तेव्हा भीती कुठं गेली होती कळलंच नाही. खाली वेदगंगा वाळत घातलेल्या लुगड्यासारखी पसरली होती. शाळूची रानं, तंबाखूची रानं, कुठं कुणाचा बांध दिसत नव्हता. ज्या विहिरीवरून माझ्या भावांनी इतकी वर्षं घालवली ती मी शोधली, तर मला ती सापडेना. ऊन आणि धुकं एकमेकांत मिसळलं होतं आणि आपण चाललोय की नुसतं तरंगतोय तेही उमजत नव्हतं. असंच राहावं, खाली जाऊच नये, असं मला वाटलं. मनापासून वाटलं.

मांडव उजव्या हाताला ठेवून पहिला फेरा झाला. अण्णानं खिडकीतून शेवंती सोडली. ती सावकाश, जणू विचार करत करत खाली गेली. दुसऱ्या फेऱ्याला वळलो आणि समोरच्या धुक्यातून एक पांढरं विमान आलं.

ते डावीकडून फिरत होतं. बाळगोंडाचा वैमानिक गोरा होता. त्याला मराठी येत नव्हती, कन्नडही नव्हती, आणि आमच्या शहाण्यानं हातवारे करून सांगितलेलं त्याला काही कळलं नव्हतं. त्यामुळं एकाच मांडवाभोवती दोघं भाऊ उलट्या दिशांनी फिरत होते आणि नेमके आमनेसामने आले.

मला सगळं फार हळू दिसलं. पंख मोठा होत गेला. पंखामागं बाळगोंडा, खिडकीतून अर्धा बाहेर वाकलेला, ओंजळीत झेंडू, तोंड उघडं. आणि माझ्या कानाशी अण्णा ओरडला. देवाचं नाव नाही, वैमानिकाला हाक नाही. लहानपणी चिंचेवर चढलेल्या धाकट्यावर ओरडायचा तसाच ओरडला.

"बाळू, आत सरक रं! पडशील!"

पारशानं विमान एका कुशीवर कलतं केलं. पाट्या उलटल्या. पांढरा पंख आमच्या विमानाच्या पोटाखालून गेला, आणि मग नुसतं आभाळ उरलं आणि माझ्या मांडीवर शेवंती. दुसरं विमान बेळगावच्या दिशेनं खाली खाली जात धुक्यात दिसेनासं झालं.

आम्ही माळावर उतरलो तेव्हा गावानं मात्र टाळ्या वाजवल्या. भावाभावांनी काय जोडी जमवली, किती फुलं उधळली, असं जो तो म्हणत होता. अण्णा वेशीबाहेर रस्त्याकडं तोंड करून बसला तो दिवसभर उठला नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. विमान नीट उतरलं की कुठं पडलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अव्वा स्वयंपाक करून चुलीपाशी बसून राहिली.

दिवस कलला तेव्हा मोटार आली. बेळगावजवळ अनगोळच्या माळावर सुखरूप उतरलेला बाळगोंडा धुळीनं माखून तीतून बाहेर पडला. अण्णा उठला, घराकडं चालू लागला. बाळगोंडा त्याच्या मागून तणतणत आला आणि सोप्यात येऊन बोललाच.

"मरायच्या वक्तालाबी शिव्याच दिलास न्हवं? तोंड बघितलंय मी तुझं."

अण्णानं मान फिरवली. खरं काय ते सांगताना त्याची जीभ झडली असती. मग मीच सांगितलं, शब्दाला शब्द. सांगताना माझा मलाच राग येत होता आणि रडूही.

बाळगोंडा खांबाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "चिंचेवर असंच म्हणायचास."

"मग, पडलतास की एकदा," अण्णा म्हणाला.

अव्वा आतून ओरडली, दिस बुडाय आलाय, आता जेवला न्हाईसा तर रात उपाशी काढा. दिवस मावळल्यावर आमच्यात कुणी जेवत नाही. दोघं चुलीपाशी येऊन बसले. तिनं एका ताटात भाकरी, आमटी वाढली आणि ताट दोघांच्या मधे सरकवलं.

"दुसरं ताट घ्यायला येळ न्हाय," म्हणाली.

उंबऱ्यावर अजून चांगलं ऊन होतं, आणि धुतलेल्या ताटांची चळत तिच्या हाताशी होती.