विचारल्याशिवाय पुसायचं नाही

"एका शब्दाचा तर प्रश्न आहे, मॅडम," चीफ म्हणाला आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्या एका शब्दाभोवती त्याने लाल गोल काढला. "हा काढायचा, दुसरा घालायचा. अर्ध्या मिनिटाचं काम."

"अर्ध्या मिनिटाचंच आहे," हेडबाई म्हणाल्या. "म्हणून तर करणार नाही."

खोलीत सातजण होते. त्यातले पाच एकदम आपापल्या लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधायला लागले.

हेडबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वय सत्तेचाळीस, त्यातली चोवीस वर्षं प्रोग्राम लिहिण्यात गेलेली. दुसऱ्याचं काम तपासताना चष्मा कपाळावर ढकलायची सवय, आणि चुकीखाली शेरा लिहिताना "कृपया" हा शब्द कधीही न विसरणं, एवढ्यावरून कुणीतरी ते नाव पाडलं होतं. पाठीमागे म्हणायचे. त्यांना ठाऊक होतं. एकदा तर वाढदिवसाच्या केकवरच चुकून तेच नाव उमटून आलं, तेव्हा त्यांनी बरोबर त्या अक्षरांवरूनच सुरी फिरवली होती.

ही कंपनी एक लायब्ररी बनवायची. पुस्तकांची नव्हे, प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आयते वापरता येतील अशा तुकड्यांची. दूर कुठेतरी मोठमोठ्या थंडगार इमारतींमध्ये क्लाऊडवाल्यांच्या डिस्क फिरत असतात. डिस्क बिघडली तर बदलणं, जागा अपुरी पडली तर वाढवणं, सगळं तेच बघतात. त्यांच्याकडून आपल्याला एक फाईल सिस्टीम हवी असेल, म्हणजे दहा संगणकांना मिळून वापरता येईल असं फायलींचं एक मोठं कपाट म्हणा, तर या लायब्ररीच्या आधाराने आपल्या प्रोग्राममध्ये चार ओळी लिहायच्या. नाव काय, जागा किती, कुणाला आत येऊ द्यायचं. प्रोग्राम चालवला की तिकडे खरं कपाट उभं. ओळींमध्ये आकडा बदलला की तिकडे जागा वाढली. कागदावरचं घर आणि जमिनीवरचं घर यांची सांगड घालणारा हा भाग हेडबाईंनी सहा वर्षांपूर्वी एकहाती लिहिला होता.

प्रश्न एवढाच, की उद्या कुणी त्या चार ओळी खोडल्या, तर तिकडच्या खऱ्या कपाटाचं आणि आतल्या फायलींचं काय करायचं?

ग्राहकाने काही सांगितलेलं नसेल तर "राहू दे", असं हेडबाईंनी लिहून ठेवलं होतं. चार महिन्यांपूर्वी आलेल्या चीफला तिथे "पुसून टाक" हवं होतं. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, कामाला वाघ होता, फक्त कुठलीही गोष्ट अर्धवट लटकलेली दिसली की त्याच्या डोळ्यांत कचरा गेल्यासारखं व्हायचं.

"नको असलेली कपाटं ग्राहकांकडे वर्षानुवर्षं पडून राहतात," तो म्हणाला. "तक्रारी येतात. आणि ओळी खोडल्या म्हणजे त्यांना ती नकोच आहेत ना? आपण कोण मध्ये पडणारे?"

"ओळी खोडल्या म्हणजे ओळी खोडल्या. त्यापलीकडे मला काही ठाऊक नाही," हेडबाई म्हणाल्या. "कुणी नुसतं नाव बदलतं. कुणी एका पानावरच्या ओळी उचलून दुसऱ्या पानावर नेतं. आपल्या लायब्ररीला वाटतं, जुनं गेलं, नवीन आलं. मग नवीन रिकामं कपाट उभं राहतं आणि जुनं भरलेलं कपाट पुसलं जातं. त्याला कुठे काय पुसायचं होतं?"

"शहाणा माणूस आधी वाचतो, मग बटण दाबतो."

"शहाण्यांना आपली गरजच नाही. लायब्ररी बाकीच्यांसाठी असते. त्यात मीही आले."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यावर निभावून नेलं. चीफने पेन खाली ठेवलं. "ठीक. तुमचं मत ऐकलं. आता मंजुरी द्या."

नियमच तसा होता. लायब्ररीच्या प्रत्येक भागाला मालक नेमलेला असे आणि त्याने मंजुरी दिल्याशिवाय तिथला एक स्वल्पविरामसुद्धा हलत नसे. फाईल सिस्टीमच्या भागाला मालकांच्या दोन जागा होत्या. पहिलं नाव हेडबाईंचं, दुसरं टेस्टरचं. टेस्टर म्हणजे त्यांनी बनवलेलं तपासून बघणारा, आठ वर्षांचा सोबती. पण बदल करायचा तर मंजुरी पहिल्या नावाची लागे.

"देणार नाही," हेडबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. वही मिटली, टोपण लावलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

एवढा हट्ट कशापायी, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या तेवीस वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. दुसरी कंपनी, दुसरं ऑफिस. सर्व्हरवरचा पसारा आवरायला त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. कुठला पसारा, ते सांगणारी जागा एके ठिकाणी रिकामी राहिली, आणि रिकामं म्हणजे "सगळं" असा त्याने अर्थ घेतला. सकाळी अकराला सुरू झालं, अकरा वाजून चार मिनिटांनी संपलं. राखीव प्रत काढायला गेले तर तीही कित्येक महिने कोरीच निघत होती. कुणी उघडून बघितलीच नव्हती.

त्यात एका गृहस्थांचं काम होतं. विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायचे. दोनशे विहिरी, दर पंधरवड्याला, एकोणीस वर्षं. कागद कधीच वाळवीने खाल्ले होते. जे होतं ते त्या सर्व्हरवर. ऑफिसने त्यांना "तांत्रिक बिघाड" असं पत्र लिहिलं. ते स्वतः आले. खुर्चीवर टेकले, पाणी मागितलं. पेला घेऊन गेलेल्या मुलीने उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "बिघाड नव्हता. मी पुसलं."

त्यांनी तिच्या हातातून पेला घेतला. "मुद्दाम नाही ना?"

"नाही."

"मग काय बोलायचं." त्यांनी पेला रिकामा केला. "विहिरी आहेत तिथेच आहेत. परत मोजेन. पण त्या वर्षांचं पाणी आता कुठून आणू?"

ना आरडाओरडा, ना शाप. शिव्या दिल्या असत्या तर हेडबाई कदाचित विसरूनही गेल्या असत्या.

रविवारी सकाळी नवरा स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी बसवत होता. हेडबाई खालून स्टूल धरून उभ्या होत्या. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. हाताला ग्रीसचा वास कायमचा, आणि तोंडात स्क्रू धरून बोलायची खोड.

"मग? काढतील का तुला?"

"काढतील बहुतेक. नोकरीवरून नाही, पण त्या कामावरून."

"हं." स्क्रू फिरला. "लिफ्टची वीज गेली तर ब्रेकचं काय होतं सांग बघू."

"सुटतो."

"इथेच सगळे फसतात! वीज गेली की ब्रेक लागतो. सोडायला वीज लागते, धरायला लागत नाही. कुणी काहीच केलं नाही तर लिफ्ट जागच्या जागी उभी राहिली पाहिजे. खाली जाता कामा नये." त्याने दार उघडझाप करून बघितलं. "तुझ्या त्या साहेबाला माझ्या लिफ्टमध्ये बसव एकदा."

"बसवते. अहो, पण काढलंच मला, तर?"

"तर काय? घरात हेडबाई आहेच. ऑफिसला दुसरी शोधू दे."

हे नाव याला कुणी सांगितलं, हे त्यांना विचारायचं होतं. पण स्टूल डगमगलं आणि ते राहून गेलं.

सोमवारी सकाळी साडेनऊला मालकांच्या यादीतून त्यांचं नाव गेलेलं होतं. त्या जागी चीफचं नाव. यादी बदलायला मात्र दोघांपैकी कुणाही एका मालकाची मंजुरी पुरते. ती टेस्टरने दिली होती.

टेस्टर पाण्याच्या यंत्रापाशी बाटली भरत उभा होता. भरून झाली तरी बटण दाबूनच होता; पाणी बुटांवर सांडलं तेव्हा भानावर आला.

"मॅडम, मला बोलावून घेतलं त्यांनी. म्हणाले, नुसती यादी बदलायचीय."

"वाचलंस ना दाबायच्या आधी?"

"वाचलं."

"मग शहाणा आहेस," हेडबाई म्हणाल्या. त्याहून कडू त्यांना काही सुचलं नाही, आणि एवढंही बोलून झाल्यावर लागायचं ते त्यांनाच लागलं.

चहा न घेताच त्या जागेवर आल्या. लायब्ररी जगापुढे उघडी होती. तिच्या चर्चेच्या पानावर कुणीही येऊन लिहावं, विचारावं, भांडावं. तिथे त्यांनी आपल्या खऱ्या नावाने लिहिलं:

"शुक्रवारपासून, तुम्ही काही सांगितलं नाही तर तुमची फाईल सिस्टीम ओळींबरोबर पुसली जाईल. हा भाग मी लिहिला. या बदलाला माझी मंजुरी नाही, आणि आज सकाळपासून ती मागायचीही गरज उरलेली नाही. मी एकदा एका माणसाचं एकोणीस वर्षांचं काम चार मिनिटांत पुसलं आहे. ते मला परत आणता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते कृपया इथे लिहा."

तासाभरात चीफ त्यांच्या टेबलाशी हजर. कान लालबुंद. "ते काढा, मॅडम. आत्ता."

"काय काढू?"

"तुम्ही लिहिलंय ते! पुसा."

"पुसायचा अधिकार आता तुमच्याकडे आहे," हेडबाई म्हणाल्या. "यादीत तुमचं नाव आहे. दाबा बटण."

चीफने बटण दाबलं नाही. तोवर खाली अकरा जणांनी लिहिलं होतं, आणि हे पुसलं तर काय दिसेल, एवढं कळण्याइतका तो हुशार होता.

बुधवारपर्यंत त्रेसष्ट झाले. एका रेडिओ केंद्रातल्या बाईंनी लिहिलं, की त्यांच्याकडे म्हाताऱ्या गायकांच्या मुलाखती आहेत. त्यातले निम्मे गायक आता हयात नाहीत. दंतवैद्यांच्या कॉलेजातल्या एकाने लिहिलं, की तो गेल्याच आठवड्यात ओळी या पानावरून त्या पानावर नेत होता. एकाने चिडून हेडबाईंनाच झोडपलं: मी काही कुक्कुलं बाळ नाही, मी खोडलं की गेलंच पाहिजे, तुमच्या या "राहू दे"ने माझ्याकडे नुसता उकिरडा साठलाय. हेडबाईंनी ते दोनदा वाचलं. त्यातही तथ्य होतं. आणि कुणा एका अनोळखी माणसाने, एवढ्या गर्दीत, एकच ओळ लिहिली होती: "दोघंही आमच्या वतीने का ठरवताय? विचारा की."

चष्मा कपाळावर ढकलून हेडबाई त्या ओळीकडे बघत बसल्या. सहा वर्षांत आपल्याला हे का सुचू नये, याचा त्यांना थोडा रागच आला. मग त्या उठल्या आणि तडक डायरेक्टर बाईंच्या खोलीत गेल्या. चीफ आधीपासून तिथे होता.

"राहू दे नको," त्या दारातूनच म्हणाल्या, "आणि पुसून टाकही नको. ती जागा रिकामी सोडली तर प्रोग्राम चालणारच नाही, असं करा. राखायचं की पुसायचं, ते ज्याचं त्याने आपल्या हाताने लिहायचं. लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही."

"लोक वैतागतील," चीफ म्हणाला.

"वैतागू देत. वैताग दुपारपर्यंत जातो."

डायरेक्टर बाईंनी चीफकडे बघितलं. त्याने लॅपटॉप उघडून ती ओळ शोधायला घेतली.

"करा तसं," बाई म्हणाल्या. मग हेडबाईंकडे वळल्या. "तुम्ही वागलात चुकीचं आणि बोललात बरोबर. मला दोन्हीची दखल घ्यावी लागेल."

"घ्या," हेडबाई म्हणाल्या.

दखल घेतली गेली. शब्द गेला, त्या जागी प्रश्न आला. आणि हेडबाई पुढच्या सोमवारपासून तिसऱ्या मजल्यावर, फॉर्मच्या टीममध्ये. नाव, पत्ता, फोन नंबर भरायचे रकाने. सहा वर्षांचं काम खालीच राहिलं. मालकांच्या यादीत त्यांचं नाव परत काही आलं नाही. निरोपाला टेस्टर खोकं उचलून वर आला. ठेवलं, उभा राहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "बस," हेडबाई म्हणाल्या, "चहा मागवते." दोघांनी चहा घेतला.

शुक्रवारी दुपारी चीफ जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आला. उघडा लॅपटॉप हातावर ताटासारखा तोललेला. आठवडाभर लांबलेली नवीन आवृत्ती निघायला तास होता आणि सोबतच्या सूचनेतलं एक वाक्य त्याला सरळ होत नव्हतं. जवळपास रिकामी खुर्ची नव्हती. हेडबाईंनी कुणाला मागितली नाही, आणि त्याही उठल्या नाहीत.

त्याने उभ्यानेच वाचून दाखवलं. "'पुसण्याचा पर्याय लिहिल्यास या फाईल सिस्टीममधल्या सर्व फायली कदाचित कायमच्या नष्ट होतील.' बरोबर आहे?"

हेडबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पडद्याकडे मान केली.

"'कदाचित' काढा," त्या म्हणाल्या.

लॅपटॉप डाव्या हातावर सांभाळत, उजव्या हाताच्या एका बोटाने तो एकेक अक्षर खोडू लागला. शेवटचं अक्षर जाईपर्यंत हेडबाईंनी बघितलं, आणि मग त्या आपल्या रकान्यांकडे वळल्या.