एका बाजूला कोऱ्या नोटा

भय्यासाहेब पोतनीस जन्मात एकदाच विलायतेला जाऊन आले होते आणि त्या एका फेरीवर त्यांनी पुढची वीस वर्षं काढली. दरबारचा लवाजमा गेला होता. त्यात सामानावर लक्ष ठेवणाऱ्यांत हे एक. लंडन त्यांनी पाहिलं ते हॉटेलच्या मागच्या जिन्यावरून पेट्या वर जाताना. पैशाला त्यांचा हात लागला नव्हता, कारण खर्च दरबारचा खजिनदार करायचा. तरी उज्जैनमध्ये कोणी परदेशी जाण्याचं नाव काढलं की ते माधवनगरच्या आपल्या बैठकीत पाय लांब करून बसत आणि इंग्रजाशी कसं बोलावं, बक्षिसी किती द्यावी, हे सांगत.

जहागीर म्हणजे दोन गावं होती. मध्य भारत सरकारनं ती घेतली तेव्हापासून घर चालत होतं त्यांच्या बायकोच्या पगारावर. अहल्याबाई मुलींच्या शाळेत वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवत. भय्यासाहेब या नोकरीला 'हिची हौस' म्हणत, आणि त्या हौसेचं दूध, धान्य, धोबी सगळं बिनतक्रार वापरत.

त्यांचा एकुलता मुलगा अरविंद शिष्यवृत्ती मिळवून मँचेस्टरला कापडाच्या तंत्राचं शिकायला गेला होता. पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं. छातीचा आजार निघाला होता, शहराबाहेरच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं होतं, औषधानं पुरतं भागलं नाही तर फुप्फुसाचा एक भाग कापावा लागणार होता. उपचाराला पैसा पडत नाही, तुम्ही येऊ नका, असंही त्यानं लिहिलं होतं. अहल्याबाईंनी पत्र वाचलं, शाळेत जाऊन बिनपगारी रजा मागितली आणि आपल्या पाटल्या आणि गोठ सराफ्यात नेऊन विकले. पोस्टातले पैसेही काढले. भय्यासाहेबांना विचारलं नाही. त्यांनी ते कळल्यावर एवढंच जाहीर केलं, की बाई एकटी जाणार नाही, मीही येतो. मला तिथली रीत ठाऊक आहे.

मुंबईत दोघं अहल्याबाईंच्या धाकट्या भावाकडे, प्रभाकरकडे दादरला उतरली. बोटीची जाण्यायेण्याची तिकिटं त्यानं आधीच काढून ठेवली होती. परदेशी पैसा किती न्यायचा त्याला तेव्हा सरकारची मर्यादा होती. बँकेत अर्ज करायचा, पासपोर्टवर रकमेची नोंद व्हायची, आणि पैसा प्रवासी चेकांच्या रूपानं मिळायचा. प्रभाकर दोघांनाही घेऊन जायला निघाला. भय्यासाहेब हलले नाहीत.

"आमचं आडनाव पोतनीस आहे," ते म्हणाले. "पिढ्या गेल्या दुसऱ्यांचा खजिना सांभाळण्यात. आता कुण्या क्लार्कपुढे अर्जी घेऊन उभा राहू?"

अहल्याबाई भावाबरोबर गेल्या. बँकेतल्या माणसानं प्रत्येक चेकवर त्यांची एकेक सही घेतली आणि समजावलं, की दुसरी सही पैसे घेताना, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत करायची. दोन सह्या जुळल्या तरच पैसे. चेक हरवले तर त्यांचे क्रमांक कळवायचे, बँक भरपाई करील. अहल्याबाईंनी पासपोर्टवरची सही देवनागरीत केली होती, तशीच इथेही केली. क्रमांक एका वेगळ्या कागदावर उतरवून तो कागद दुसऱ्या पेटीत ठेवला.

घरी आल्यावर भय्यासाहेबांनी एक चेक दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि ते हसत सुटले. बाळबोध अक्षरातली ही चिठ्ठी घेऊन इंग्रज पौंड देणार, आणि त्यावर ही म्हणते प्रवास करणार. मग त्यांनी आपला बंदोबस्त दाखवला. जहागिरीच्या मोबदल्याचा हप्ता त्यांना नुकताच मिळाला होता. तो घेऊन ते भर दुपारी काळबादेवीकडे जाऊन आले होते. तिथे एका दलालानं त्यांना 'सरदारसाहेब' म्हटलं, खुर्ची दिली, पान दिलं, आणि दहा-दहा पौंडांच्या नोटा विकल्या. मोठ्या पांढऱ्याशुभ्र नोटा, काळ्या वळणदार अक्षरांच्या, एका बाजूला पार कोऱ्या. लवाजम्याच्या वेळी खजिनदाराच्या हातात त्यांनी अशाच नोटा पाहिल्या होत्या. शिवाय बँकेच्या भावापेक्षा स्वस्त.

प्रभाकरनं विचारलं, की चोरून मिळणारा माल सरकारी भावाहून महाग असायला हवा, हा स्वस्त कसा? 'सरदारसाहेब' ऐकलेल्या माणसाला असल्या शंका येत नाहीत. नोटा त्यांनी कमरेला बांधायच्या कापडी पिशवीत भरल्या आणि ती पिशवी बंडीखाली बांधली.

बोट निघाली. भय्यासाहेबांनी पहिल्या दिवसापासून साहेबी सुरू केली. डेकवरची खुर्ची, रोजची दारू, सिगारेटचे डबे, सगळं चिठ्ठीवर सही करून. हिशेब पोर्ट सईदला चुकता करायचा होता. बरोबरच्या उतारूंना ते कमरेवर थाप मारून सांगत, की पैसा अंगावर पाहिजे, बँकेत ठेवतात ते भित्रे. पैसा कुठे बांधला आहे हे त्यामुळे अख्ख्या डेकला समजलं होतं. कोणी चोरला नाही, हे त्या बोटीवरच्या लोकांच्या चांगुलपणाचं म्हणावं लागेल.

अहल्याबाई बहुतेक वेळ रेलिंगपाशी बसून असत. एडन मागे पडल्यावर त्यांनी एक चेक बोटीच्या हिशेबनिसाकडे नेला. त्या गोऱ्या माणसानं पासपोर्ट मागितला, त्याच्यासमोर सही करायला सांगितली, तिन्ही सह्या शेजारी ठेवून रेघ न रेघ जुळवली, आणि पैसे मोजून दिले. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. ते वाचायची त्याला गरजही नव्हती.

पोर्ट सईदच्या आधी भय्यासाहेब त्याच हिशेबनिसापुढे जाऊन उभे राहिले आणि कमरेच्या पिशवीतून एक पांढरी नोट काढून टेबलावर टाकली. हिशेबनिसानं ती उचललीसुद्धा नाही. दहा पौंडांच्या या नोटा लढाई संपायच्या सुमारासच चलनातून गेल्या, तो म्हणाला. बोटीवर घेता येणार नाहीत, लंडनला मोठ्या बँकेत दाखवा. भय्यासाहेबांनी त्याला त्याची पायरी दाखवायचा प्रयत्न केला. आपण पूर्वी कोणाबरोबर विलायतेला आलो होतो तेही सांगितलं. मागे रांगेत उभी असलेली माणसं ऐकत होती. हिशेबनीस सगळं होईपर्यंत थांबला आणि मग त्यानं बिलाचा कागद पुन्हा पुढे सरकवला.

भय्यासाहेब केबिनमध्ये आले.

"तुझे ते चेक काढ," ते म्हणाले. "सगळ्यांवर सही करून दे. मी बघतो पुढचं."

"नाही," अहल्याबाई म्हणाल्या.

बायकोला नीट ऐकू आलं नसावं असं समजून भय्यासाहेबांनी पुन्हा सांगितलं. अहल्याबाईंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"आधीच सही करून ठेवली तर त्याला काय अर्थ राहिला? मग ज्याच्या हातात पडेल त्याचे ते पैसे."

"माझ्या हातात पडले तर काय बिघडलं? मी काय परका आहे?"

"परका असता तर त्यानं निदान विचारलं असतं, की पोराला भेटायला किती लागतील," त्या म्हणाल्या. "तुमचं बिल किती झालं सांगा. मी येऊन सही करते."

ते रागानं बाहेर गेले आणि अर्ध्या तासानं बिल घेऊन परत आले. दोघं मिळून हिशेबनिसाकडे गेली. अहल्याबाई सही करेपर्यंत भय्यासाहेब खिडकीबाहेर समुद्रात काही महत्त्वाचं चाललं असावं तसे बघत उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी बायकोशी बोलणं टाकलं. जेवण मात्र टाकलं नाही. ते तिकिटात होतं.

लंडनला उतरल्यावर अहल्याबाईंना लगेच मँचेस्टरची गाडी धरायची होती. भय्यासाहेबांनी आधी बँक असा हट्ट धरला. बँकेत एका प्रौढ अधिकाऱ्यानं त्यांना आतल्या खोलीत बसवलं. त्यानं नोटा भिंगाखाली धरल्या, एकेक करून सगळ्या पाहिल्या, मग दुसऱ्या माणसाला बोलावलं. लढाईत जर्मनांनी अशा नोटा गठ्ठ्यांनी छापल्या होत्या, त्यांतल्या या. बँक त्या ठेवून घेईल, पावती देईल, पैसे देता येणार नाहीत. एवढं सांगून त्यानं सभ्यपणे विचारलं, की या आपल्याला कुठे मिळाल्या.

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. इकडे खोटं चलन आणि तिकडे हिंदुस्थानात कायद्याबाहेरचा व्यवहार, दोन्ही गोष्टी त्यांच्या एकदम ध्यानात आल्या. आणि मग खजिना सांभाळणाऱ्यांच्या त्या वंशजानं इंग्रजीत सांगितलं, की घरातले पैशाचे व्यवहार माझी पत्नी बघते. नोटा तिनंच घेतल्या. मला काही माहीत नाही.

बायकोला इंग्रजी येतं हे त्यांना ठाऊक होतं. पण नवऱ्यासमोर चार लोकांत ती तोंड उघडणार नाही, याची त्यांना पंचवीस वर्षांची खात्री होती.

अधिकाऱ्यानं अहल्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी पर्स उघडून पासपोर्ट काढला, त्यातली रकमेची नोंद त्याच्यापुढे धरली, शेजारी चेक ठेवले.

"माझे पैसे हे आहेत," त्या वर्गात बोलतात तशा स्पष्ट इंग्रजीत म्हणाल्या. "त्या नोटा माझ्या पतींनी मुंबईत एका माणसाकडून घेतल्या. त्याचं नाव त्यांनी विचारलं नाही."

दुसऱ्या माणसानं ते लिहून घेतलं. एक पोलीस अधिकारी आला, त्यानं भय्यासाहेबांना काही प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि संध्याकाळच्या आत सोडून दिलं. मूर्ख कोण आणि बदमाश कोण हे त्याला कामाच्या सवयीनं ओळखता येत असावं.

रस्त्यावर आल्यावर भय्यासाहेब म्हणाले, की बायकोनं नवऱ्याची बाजू सावरायची असते. अहल्याबाईंनी एका बाईला थांबवून स्टेशनचा रस्ता विचारला.

मँचेस्टरला त्यांनी एका म्हातारीच्या घरात खोली घेतली. सॅनेटोरियम तिथून बसनं जवळ होतं. अरविंद लांबलचक व्हरांड्यात, उघड्या हवेत, पलंगावर होता. मनगटं इतकी बारीक झाली होती की अहल्याबाईंनी ती एकदा धरली आणि मग बराच वेळ सोडली नाहीत. भय्यासाहेबांनी मुलाला बोटीवरच्या हिशेबनिसाचा उद्धटपणा सांगितला, लंडनच्या बँकेनं आपल्याला कसं लुबाडलं ते सांगितलं, आणि इंग्रजांचं राज्य गेल्यापासून त्यांच्यात दम राहिला नाही असा निष्कर्ष काढला. अरविंद ऐकत होता. वडील पाणी प्यायला गेले तेव्हा त्यानं आईला हळूच विचारलं, की आई, तुझ्याकडे आहेत ना पैसे.

"आहेत," त्या म्हणाल्या. "तू फिकर नको करू."

असे भय्यासाहेब दोनदा मुलाकडे गेले. तिसऱ्या वेळी थंडी बाधली म्हणून खोलीत राहिले. ऑपरेशन करायचं ठरलं, दिवस ठरला, मग तापामुळे पुढे ढकललं गेलं. भय्यासाहेबांना उकडलेल्या बटाट्यांचा कंटाळा आला होता. आपण इथे राहून डॉक्टरला काय मदत करणार, असं त्यांनी विचारलं. परतीचं तिकीट होतंच. अहल्याबाईंनी बोट कंपनीत तारीख आधीची करून घेतली, बोटीवरच्या खर्चाला बेताचे पैसे हातात दिले आणि त्यांना बसवून दिलं. वाद घातला नाही. त्यांच्या लेखी त्या माणसाशी वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी त्या एकट्या बाकावर बसल्या होत्या. फार वेळ लागला. नर्सनं बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवला आणि सगळं ठीक झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांना रडू आलं, आणि ते पुष्कळ वेळ थांबलं नाही.

चेक संपत आले तसं त्यांनी सॅनेटोरियमच्या कपड्यांच्या खोलीत चादरी शिवायचं, उसवलेलं जोडायचं काम घेतलं. हिवाळा तिथेच काढला. अरविंद चालायला लागला, राहिलेला अभ्यास त्यानं पुरा केला आणि छप्पनच्या जूनमध्ये मायलेक परतली.

उज्जैनला पोचली तेव्हा माधवनगरच्या बैठकीत चार-पाच माणसं चहा घेत होती. भय्यासाहेबांची दुसरी विलायतवारी एव्हाना चांगली मुरली होती. दारात मुलाला पाहून ते उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पाहुण्यांकडे वळले.

"हाच तो. पाच तास टेबलावर होता. मी बाहेर उभा. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखा बाप पाहिला नाही."

अहल्याबाई सामान उतरवून घेत होत्या. "हे तेव्हा एडनला होते," त्या म्हणाल्या आणि टांगेवाल्याला पेटी आत ठेवायला सांगितली.

कप खाली ठेवून एकेक जण उठला. कोणाला बाजारात काम निघालं, कोणाला देवळात जायचं होतं. भय्यासाहेबांनी सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं. आत येऊन ते म्हणाले, की लोकांसमोर असं बोलायला नको होतं. अहल्याबाई कपाटातून आपली लुगडी आणि पुस्तकं काढत होत्या.

अरविंदला इंदूरच्या एका गिरणीत नोकरी लागली. अहल्याबाईंनी तिथल्या मुलींच्या शाळेत बदली मागितली. अर्ज राजधानीला, ग्वाल्हेरला गेला, नोव्हेंबरात मध्य भारत राज्य मोडलं, कागद नव्या राजधानीत भोपाळला गेले आणि हुकूम नव्या सरकारच्या शिक्क्यानं आला. त्या मुलाबरोबर इंदूरला राहायला गेल्या. भय्यासाहेब सणावारी तिकडे जातात. दोन दिवस राहतात, जेवण चांगलं असतं असं म्हणतात, आणि परत निघताना गाडीभाडं अहल्याबाई देतात.