मुलाखतीच्या खोलीतली सहावी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मुलाखतीच्या खोलीत लांब टेबलाच्या अलीकडे आम्ही सहा जणी ओळीने असतो. मी दाराजवळची, शेवटची. रडगाणं गायची मला सवय नाही, पण आज मनात साचलेलं सांगून टाकते.

ज्या सुताराने आम्हाला घडवलं, त्याच्या हाताला सफाई होती. प्रत्येकीवर स्वतः बसून, पुढे-मागे झुलून त्याने खात्री केली आणि मगच पॉलिशचा हात मारला. पहिली काही वर्षं आमचं फार कौतुक झालं. मग एकदा मोठे साहेब भिंतीवरचं घड्याळ लावायला बुटांसकट माझ्यावर चढले आणि माझ्या मागच्या पायाचा सांधा ढिला झाला. तेव्हापासून मी डुगडुगते. शिपाईकाकांनी तीनदा अर्ज दिला. "एका स्क्रूचं काम आहे साहेब, मीच करतो," असंही म्हणाले. "तुम्ही तुमचं काम बघा," असं उत्तर मिळालं.

या खोलीत एका जागेसाठी सहा उमेदवारांना एकदम बसवतात. अशा मुलाखतीत छाप कशी पाडावी, याचे उपदेश मी इतके ऐकलेत की क्लास काढू शकेन. दुसऱ्याचं बोलणं तोडू नये, सगळ्यांकडे पाहून बोलावं, गप्प बसलेल्याला बोलतं करावं. बसण्याआधी खुर्ची हलवून पाहावी, हे मात्र कोणी शिकवत नाही. जो दार धरून इतरांना आधी आत सोडतो, त्याच्याच वाट्याला मी येते. मग तोल सावरता सावरता तो शब्द विसरतो आणि साहेब कागदावर लिहितात, आत्मविश्वास कमी.

एकदा एक बाई सगळ्यांच्या आधी आल्या. अकरा वर्षं एका कारखान्यात त्यांनी मालाची तपासणी केली होती. कारखाना बंद पडला, भाड्याचं घर सुटलं आणि आईला मामाकडे ठेवावं लागलं. पहिल्या खुर्चीवर बसून त्या फोनवर हळू आवाजात सांगत होत्या, "आई, मामी बोलते ते मनावर घेऊ नकोस गं. हे काम मिळालं की महिन्याभरात तुला घरी आणते."

सगळ्यात शेवटी एक चष्मेवाला आला. तो माझ्यावर टेकला, मी डुगडुगले आणि त्याच्या हातातले कागद जमिनीवर पसरले. बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला. बाई उठल्या. "तुम्ही माझ्या जागी बसा. मी घेईन सांभाळून." तो लगेच उठला. तेवढ्यात साहेब आणि मॅडम आत आले.

साहेबांनी प्रश्न टाकला, "गटातलं कोणी मागे पडलं, तर काय कराल?" हसावं की रडावं, मला कळेना. चष्मेवाला ऐटीत म्हणाला, "मी त्याला आधार देईन." बाईंचं उत्तर त्याहून नेमकं होतं, पण त्या जरा पुढे झुकल्या की मी हलायचे. मी जिवाच्या आकांताने स्थिर राहू पाहत होते, तरी हलतच होते.

उमेदवार बाहेर गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "अनुभव त्या बाईंनाच आहे."

"पण त्यांना एका जागी स्वस्थ बसवत नाही," साहेब म्हणाले. "आल्या आल्या जागासुद्धा बदलली. अशी माणसं टिकत नाहीत."

काम चष्मेवाल्याला मिळालं. निकाल ऐकून बाई दारातच थांबल्या आणि शिपाईकाकांना म्हणाल्या, "ती शेवटची खुर्ची तेवढी बघा. कोणीतरी पडेल." मग त्या आईला फोन न लावताच निघून गेल्या.

पुढे शिपाईकाका निवृत्त झाले. चष्मेवाल्याला बढती मिळाली आणि तो टेबलाच्या पलीकडे, साहेबांच्या जागी बसू लागला. आता माझे दिवस पालटणार, अशी मला वेडी आशा लागली. पहिल्याच मुलाखतीत एक मुलगी माझ्यावर बसली आणि डुलली. त्याने चष्म्यावरून पाहिलं. आधी तिच्याकडे, मग माझ्या पायाकडे. त्याने मला ओळखलं होतं. मग मॅडमकडे झुकून तो पुटपुटला, "ही फार चुळबुळ करते. नको."

मित्रांनो, मला पॉलिश नको, कौतुकही नको. माझ्यावर कोणी डुलताना दिसलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी खाली वाकून माझा पाय बघा. आणि तुम्ही स्वतः कधी माझ्यावर बसला असाल, तर पलीकडे गेल्यावर तरी गप्प बसू नका.